इंग्रजांचं प्रस्थान आणि माझं

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. तुमच्या तिकडच्या वादळाचं भाकीत म्हणे एका ज्योतिष्यानं आधीच करून ठेवलं होतं, आणि असलं काही खरं असतं का ते आजीला विचारायचं होतं. मी नुसतं "असेल" म्हणून फोन ठेवला, कारण दूध उतू जात होतं. आता दूध उतरवलं आहे, चष्मा पुसला आहे, तेव्हा क्रमानं सांगते.

जगावरची संकटं ग्रहांवरून ओळखणारा एक माणूस आमच्या घरातच होता. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घर कारंज्याला, शेती गावाबाहेर, कापूस आणि तुरीची. गावात त्यांना सगळे 'पाटील' म्हणत. पत्रिका पाहणं हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता, आणि तो नादही मोठ्या मापाचा. कुणी पोरीच्या लग्नाचं विचारायला आलं, की ते त्याला सरळ भटजींकडे धाडत. "लगन-मुंज कोनीबी पाहीन. आपन जग पाहतो," असं म्हणत.

जग ते छपरीत पाहत. घराच्या पुढच्या पडवीला आमच्याकडे छपरी म्हणतात. तिथल्या फरशीवर खडूनं कुंडलीची बारा घरं काढलेली असत आणि ती ओलांडून कुणी गेलं, की मोठे बाबा ओरडत, "अबे, मंगळावर पाय देला!"

त्यांचा एकच नियम मला लहानपणी कळला होता. संकट येऊन गेल्यावर त्यांचं भाकीत कधी चुकत नसे. बिहारात मोठा भूकंप झाला तेव्हा मी परकरात होते. बातमी आली आणि मोठ्या बाबांनी खडू उचलला. संक्रांतीच्या सुमारास मकर राशीत सात ग्रह गोळा झाले होते, ते त्यांनी एकाच घरात कोंबून दाखवले.

"एका खाटेवर सात जन बसले, त खाट मोडनारच," ते म्हणाले.

"मंग ते बिहारातच काहून मोडली?" मी विचारलं.

"तिकडचा पाया कच्चा असन."

खाट मोडली होतीच.

पुढे युरोपात लढाई पेटली आणि मोठ्या बाबांना जन्मभराचं काम मिळालं. त्यात माझी गरज पडू लागली. मी मुलांच्या हायस्कुलात वेगळ्या बाकावर बसून इंग्रजी शिकत होते. मूर्तिजापूरहून दुपारी छोटी गाडी, म्हणजे अरुंद रुळांची आगगाडी, येई. तिच्यातून समोरच्या अडत्याचा इंग्रजी पेपर येई. अडत्या म्हणजे कापसाचा दलाल. तो त्यातला कापसाचा भाव तेवढा ओळखे. भाव पाहून झाला, की पेपर आणि अडत्या दोघंही आमच्या छपरीत येत. मी वाचून मराठीत सांगे, मोठे बाबा ते ग्रहांत सांगत आणि अडत्या त्यात खोड काढी.

देशांच्या जन्मवेळा कुणाला ठाऊक? म्हणून मोठ्या बाबांनी माणसांसारखीच त्यांचीही नावावरून रास काढली होती. जर्मनी मकर, रशिया तूळ, इंग्लंड वृषभ. माझ्या शाळेच्या नकाशावर त्यांनी युरोपभर या राशी पेन्सिलीनं लिहिल्या. स्वित्झर्लंड त्या अक्षरांखाली दिसेनासा झाला. नकाशा माझा होता, पण बोलायची सोय नव्हती.

अडत्या म्हणाला, "पाटील, तुमच्या हिशेबानं इटली बी वृषभ अन् इंग्रज बी वृषभ. एका राशीचे भाऊ भाऊ, मंग एकमेकावर डोये काहून वटारून राह्यले?"

"भाऊ भाऊच वटारतेत. कोर्टात जाऊन पाह्य कोन लढून राह्यलं ते."

जर्मनी पुढे सरकत होता, त्याचंही कारण मोठ्या बाबांपाशी होतं. "त्यायनं आपले वेद नेले. वेद नेणारा पंचांग तसंच ठेवीन काय? मुहूर्त पाहून निंगते तो."

तर असं जग चाललं असताना माझा मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झाले. अमरावतीला कॉलेज होतं, तिथं मावशीचं घर होतं आणि मावशी अक्षयतृतीयेला येऊन "पाठवा पोरीला" असं सांगून गेली होती. मृग लागला की कॉलेज उघडणार होतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "दादा म्हणतील तसं." आईचंही तेच. राहता राहिले दादा, म्हणजे मोठे बाबा.

त्यांनी खडू उचलला.

"पाह्य पोरी. शनी हाय मेषेत, नीचीचा. तुही रास वृषभ. म्हंजे तुले शनी बारावा, साडेसाती लागली. बारावं घर म्हंजे बंधन. आता इंग्रजाची रास कोनती?"

"वृषभ," मी म्हटलं. माझ्याच नकाशावर लिहिलं होतं.

"हाय का नाही! त्याले बी शनी बारावा. त्याची एवढी मोठी फौज फ्रान्सच्या समुद्राकाठी कोंडून राह्यली, अन् तू ट्रंक घेऊन कुठी निंगाली?"

"मोठे बाबा, मी काय लढाले चालली? शिकाले चालली."

"शनी विचारते काय, कायले चालली म्हनून?"

अडत्या पान जुळवत बसला होता. तो म्हणाला, "पाटील, म्हंजे इंग्रज सुटला त पोर सुटली?"

मोठे बाबा हसले. "तो कायचा सुटते! मांगं जर्मन, पुढं समुद्र. सुटला त मी सोता इले स्टेशनावर पोचवतो. जाय."

अशा रीतीनं माझं कॉलेज आणि इंग्रजांची फौज एका दोरीला बांधली गेली. इंग्रजांवर माझं प्रेम नव्हतं. आमच्या वर्गात गुपचूप चरख्याचे बिल्ले लावणाऱ्यांत मी एक होते. पण त्या आठवड्यात मी देवापुढे हात जोडून इंग्रजांच्या फौजेसाठी जेवढी विनवणी केली, तेवढी त्यांच्या राजानं तरी केली असेल की नाही कोण जाणे. देवालाही कोडं पडलं असेल, ही खादीची पोर मागते काय आहे!

आणि छोटी गाडी बातमी घेऊन आली. फौज निसटली. जहाजांतून, होड्यांतून, मिळेल त्यातून समुद्र ओलांडून घरी पोचली. मी ती बातमी वाचताना आवाज सपाट ठेवायचा फार प्रयत्न केला. अडत्यानं तसला काही प्रयत्न केला नाही.

"काय पाटील, बाराव्या घराले मांगून दार व्हतं वाटते!"

मोठे बाबा उठून आत गेले. दोन दिवस छपरीत खडू दिसला नाही. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना ताट वाढून म्हणाली, "जेवा. शनी जेवून राह्यला असन." गावात येताजाता लोक विचारू लागले, "पाटील, दार सापडलं काय?" आणि माझी पंचाईत अशी, की ते या मनःस्थितीत असताना कबूल केलेल्या शब्दाची आठवण करून द्यायची म्हणजे निखाऱ्यावर हात ठेवणं.

मला पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची सवय होती. अशीच एका रकान्याच्या तळाशी एक ओळ सापडली. मुख्य फौज निघण्याच्या बरंच आधी, लढाईच्या कामाची नसलेली माणसं आणि जखमी शिपाई पलीकडे रवाना केले होते. मी तिसऱ्या दिवशी ती ओळ छपरीत वाचली. मग जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा वाचली. मला एवढंच हवं होतं, की त्यांना बोलायला काहीतरी मिळावं.

मोठे बाबा आतून बाहेर आले. "आधीच पाठोले व्हते?"

"हो. आधीच."

"प्रस्थान!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "इंग्रजानं प्रस्थान ठेवलं व्हतं!"

तुम्हाला प्रस्थान ठाऊक नसणार. समजा प्रवासाचा मुहूर्त आज आहे, पण माणसाला आज निघता येत नाही. मग मुहूर्तावर त्याची एखादी वस्तू घराबाहेर काढायची, हळदकुंकू लावून, तांदूळ-सुपारीसकट पुरचुंडी बांधून वाटेवरच्या कुणाच्या घरी ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग तो सवडीनं गेला तरी चालतं. मोठ्या बाबांना अकोल्याच्या कोर्टात जायचं असलं, की त्यांचं पागोटं आधी मुहूर्तावर शेजारी जाऊन बसे आणि मोठे बाबा इकडे बोडक्यानं दोन दिवस घरात हिंडत.

आता त्यांच्या अंगात वीज आली. खडू आला, घरं आली. इंग्रजानं आपले थोडे लोक चांगल्या वेळी पुढे काढले, म्हणून सगळी फौज त्याच वेळी निघाली असं धरायचं. शनी दारात बसला होता खरा, पण जो आधीच निघून गेला त्याला तो अडवणार कसा? संध्याकाळपर्यंत गल्लीतले दहा-बारा जण छपरीत जमले आणि मोठ्या बाबांनी सर्वांना ते तीनतीनदा समजावलं. अडत्यानंही मान डोलावली. मला वाटलं, हीच वेळ.

"मोठे बाबा, इंग्रज सुटला. तुमी म्हनलं व्हतं, सुटला त जाय."

सगळे माझ्याकडे वळले. मोठ्या बाबांनी हातावरचा खडू झटकला.

"म्हनलं व्हतं. पन तो प्रस्थानानं सुटला. तुहं प्रस्थान कुठी हाय?"

माझी कुठलीच वस्तू कुठेच निघालेली नव्हती. ट्रंक माळ्यावर, मी इथं.

तेवढ्यात आतल्या दाराआडून मोठ्या आईचा आवाज आला. परक्या पुरुषांसमोर ती नवऱ्याशी सरळ बोलत नसे. जे बोलायचं ते माझ्यामार्फत.

"पोरी, सांग तुह्या मोठ्या बाबाले. इचं प्रस्थान अक्षयतृतीयेलेच मावशीसंगं अमरावतीले गेलं."

छपरीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं, तरी रीत म्हणून मी म्हटलं, "मोठी आई म्हणते, माझं प्रस्थान अक्षयतृतीयेलाच गेलं." इंग्रजीचं मराठी करणारी मी आता मराठीचंच मराठी करत होते. आणि ही बातमी माझ्यासाठीही ताजी होती.

मोठ्या बाबांनी दाराकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले विचार, प्रस्थानाले शास्त्रात मुदत असते, ते मालूम हाय काय? एवढे दिवस चालत नाही ते."

मी वळायच्या आतच उत्तर आलं. "विचार त्यायले, इंग्रजाले मुदत लावली व्हती काय? त्या गोऱ्याले सूट, अन् घरच्या लेकराले शास्त्र?"

कुणीतरी फसकन हसलं. अडत्या पिंक टाकायला उठला होता, तो दारातच थांबून म्हणाला, "पाटील, आता मुदत लावान त इंग्रज पुन्हा मांगं यीन, समुद्राच्या काठी!"

मोठ्या बाबांनी फरशीवरच्या घरांकडे पाहिलं. माझी सुटका नाकारायची, तर तासाभरापूर्वी सोडवलेली सगळी फौज परत वाळूत नेऊन उभी करावी लागणार होती. आणि उद्या पुन्हा गल्लीभर "दार सापडलं काय?" त्यांनी खडू खिशात टाकला.

"बुधवार टाळा. बुधवारी उत्तरेले जाऊ नये," एवढंच म्हणाले.

गुरुवारी ते शब्दाप्रमाणे स्टेशनावर आले. छोटी गाडी आमच्याकडे इतकी सावकाश चाले, की निघाल्यावरही ते बराच वेळ डब्याच्या बाजूनं चालत सूचना देत राहिले.

अमरावतीला पोचल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? मावशीला म्हटलं, माझी पुरचुंडी दाखव.

"कसली गं पुरचुंडी?"

"मोठ्या आईनं अक्षयतृतीयेला तुझ्यासोबत पाठवली ती. माझ्या प्रस्थानाची."

मावशी विचारात पडली. मग तिला आठवलं. "तुझ्या मोठ्या आईनं कुरडयांचा डबा दिला होता. दुसरं काही नाही." तिनं ओशाळून फडताळाकडे पाहिलं. "आणि त्या आम्ही तळून खाल्ल्या."

तर मुलांनो, तुमची आजी जिच्या बळावर कॉलेजात गेली, ती वस्तू ती पोचण्याआधीच रसाबरोबर संपली होती. साडेसातीतली माझी पहिली वर्षं चांगली गेली. मी पास होत गेले. इंग्रजांचं मात्र शनीनं पुढे बरंच वाकडं केलं, पण ते तुम्ही पुस्तकांत वाचालच.

दिवाळीआधी मोठे बाबा मला न्यायला अमरावतीला आले. मावशीनं त्यांना फराळाचं वाढलं. माझ्या मनात ते कुरडयांचं होतंच. आज ना उद्या यांना कळणार, तर आपणच सांगावं की गप्प बसावं, या विचारात मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मोठ्या बाबांनी एक घास खाल्ला आणि खाली बघतच मला विचारलं,

"काय पोरी, तुहं प्रस्थान सुखरूप पोचलं व्हतं ना?"

मी मान हलवली. ती 'हो'ची होती की 'नाही'ची, ते मलाही ठरवता आलं नाही.

"पोचनारच. त्या दिवशी डबा म्याच गाडीत ठेवला व्हता. हळदकुंकू त सोड, त्याले झाकन बी धड नव्हतं, सुतळीनं बांधलं म्या." त्यांनी ताटातली करंजी मोडली. "तुह्या मोठ्या आईले सांगू नको, मले मालूम हाय म्हनून."

मावशी तोंडाला पदर लावून आत पळाली.

मोठ्या बाबांनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि बोट वर करून मला बजावलं, "पन इंग्रजाचं प्रस्थान खरं व्हतं. हे ध्यानात ठेव."