ट्यूबची पट्टी

मोताळ्यातल्या आमच्या चर्चमध्ये एक दादा कायम शेवटच्या बाकावर, दाराशी बसतात. त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, आणि अंगाला सोल्युशनचा वास येतो म्हणून पुढे बसत नाही, असं सांगतात. बोलणं संपवताना "बस, येवढंच" म्हणतात आणि मग आणखी दहा मिनिटं बोलतात.

जुने पाळकसाहेब बदलून गेले आणि नवीन यायला वर्ष लागलं. त्या वर्षात गाण्यांना पेटी की कीबोर्ड, यावरून मंडळीत दोन तट पडले. पेटी माझी. कीबोर्डवाल्या मास्तरांशी मी बोलणंच सोडलं.

एका रविवारी उपासना संपवून बाहेर आलो, तर माझ्या आणि मास्तरांच्या चपला ट्यूबच्या पट्टीनं एकत्र बांधलेल्या. गाठ अशी, की एकानं ताणून धरल्याशिवाय दुसऱ्याला सुटू नये. दोघं पायरीवर बसलो. गाठ सुटेपर्यंत पुढच्या रविवारची गाणीही ठरली, निम्मी पेटीवर.

"दादा, चपला बांधल्या काऊन?" मी त्यांना विचारलं.

"कुत्रं उचलून नेते ना एखादी. बस, येवढंच," ते म्हणाले आणि गावातल्या कुत्र्यांवर दहा मिनिटं बोलले.

परवा नवे पाळक आले. "इतके दिवस मंडळी एकत्र ठेवली कोणी?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. शेवटचा बाक रिकामा होता. बाहेर पायरीवर बसून ते पाळकांच्या कोऱ्या सँडल बांधत होते, 'हे पाळक नकोतच' म्हणणाऱ्या माझ्या काकांच्या चपलांना.