चोविसावं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — आणि ओळखीच्यांपुढे चांगलं दिसायची माझी खोड फार जुनी आहे. सगळं त्या खोडीपायीच झालं.

वाशीमजवळ आमचं शेत आहे. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी तिथे तिकीट लावून वऱ्हाडी जेवणाची पंगत ठेवली. हुरडा, पातोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, अंबाडीच्या फुलांची चटणी. आंब्याखाली पट्ट्या अंथरून, पत्रावळीवर. फक्त चोवीस पानं. जागा कमी ठेवल्या की लोक जास्त धावतात, एवढी हुशारी मला होती. मोबाईलवर जाहिरात टाकली आणि अकोल्या-वाशीमची माणसं, माझे चुलत सासरे, नणंदा — सगळे नावं देऊ लागले.

वंदनानेही दिलं. ती माझ्याच शाळेत शिकवते. सोळा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. अंबाडीची ती चटणी तिच्या आईची. फुलं किती परतायची, लसूण कधी घालायचा, हे तिनेच माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून शिकवलं. "ताई, मले फुकट नका बसवू," ती म्हणाली. "मी तिकीट काढूनच येईन. आईची चटणी लोकं कशी खातात, ते पाह्यचं हाय मले."

तेव्हा सात जागा शिल्लक होत्या.

संध्याकाळी मी कागदावर पंगत मांडायला बसले. कोण कुणाशेजारी. तिचं नाव एका जागी लिहिलं — शेजारी चुलत सासरे आले. खोडलं. दुसरीकडे लिहिलं — तिथे मोठ्या नणंदबाई. खोडलं. मग अगदी टोकाला लिहिलं. टोकाला? आमच्याकडे पंगतीच्या टोकाला कुणाला बसवत आले, हे मला माहीत नव्हतं का? वंदना बौद्ध आहे. हे वाक्य लिहायला मला एवढा वेळ का लागला, ते तुम्हीच बघा.

आणि खरं सांगू? मला कुणी काही म्हटलं नव्हतं. एक शब्द नाही. सगळ्यांच्या वतीने नाक मी मुरडलं — कदाचित ते जेवून, ढेकर देऊन घरी गेले असते. मग तो विटाळ होता कुणाच्या मनात?

सकाळी शाळेत तिला म्हणाले, "वंदना, जागा तं भरल्या वं."

"जाऊ द्या ना ताई. पुढच्या टायमाले."

पुढची पंगत मी कधी ठेवलीच नाही.

पंगतीच्या दिवशी एक पाहुणा आला नाही. चोविसावं पान मांडलेलं, वाढलेलं, तसंच राहिलं. चटणीवर लोक तुटून पडले होते. "कोनाची हो ही चटणी?" नणंदबाईंनी विचारलं. "आमच्याच घरची," मी म्हणाले आणि मान वर केली — तर बांधावर वंदना उभी. चटणी कमी पडेल म्हणून घरून बरणीभर करून आणली होती. तिने माझं बोलणं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्या पानापुढची रिकामी जागा मात्र तिने पाहिली. "कोनी यायचं राह्यलं वाट्टे," एवढंच म्हणाली. मी 'हो' म्हटलं. बरणी माझ्या हातात देऊन ती बांधाबांधाने परत गेली. 'बस' हा शब्द — माझ्या तोंडून तेव्हाही निघाला नाही.

तेव्हापासून कुठेही जेवायला बसले की शेजारी ते वाढलेलं पान दिसतं. भीती वाटते मला त्याची.

गेल्या उन्हाळ्यात वंदनाच्या मुलीचं लग्न झालं. मी मुद्दामच उशिरा गेले. जेवणाच्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे ताटकळत होते. वंदना धावत आली, हाताला धरून मला पुढे घेऊन गेली. एका खुर्चीवर तिची पर्स ठेवलेली होती.

"काहून उशीर केला ताई? कवाची धरून ठेवली तुमच्यासाठी जागा."

तिने पर्स उचलली. स्वतः वाढलं. आधी चटणी — वाळवून ठेवलेल्या फुलांची.

मी बसले. चटणी पुसून खाल्ली. सात जागा होत्या, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.