गरम सोडा

थंडी पडली की शाहूपुरीतल्या आमच्या सोडावाल्याचं गिऱ्हाईक समोरच्या चहावाल्याकडं जायचं. म्हणून त्यानं गरम सोडा काढला. आलं, मिरी आणि गूळ घालून उकळलेला काढा पेल्यात ओतायचा आणि वरून गोटीची बाटली फोडायची. फेस उसळून निम्मा सोडा गिऱ्हाइकाच्या धोतरावर जाई आणि वर तोच ओरडे, "पावणं, वाकून प्या की! धोतराला कुठं थंडी वाजतीया?"

एकदा चहावाल्याचा घसा पार बसला. तो नुसते हात हलवत राहिला आणि गिऱ्हाइकं इकडं वळली. मला वाटलं, आता ह्याची चांदी. पण संध्याकाळी सोडावाला गरम सोड्याचा पेला घेऊन रस्ता ओलांडून गेला.

"तुज्या च्यानं घसा सुटायचा न्हाय. मुकाट्यानं पी," म्हणाला आणि पेला रिकामा होईस्तोवर समोरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी "गरम च्याऽऽ" अशी आरोळी गल्लीभर घुमली. माझ्या शेजारची दोन गिऱ्हाइकं तडक तिकडं गेली. मी चपापून सोडावाल्याकडं पाहिलं, तर त्याचा चेहरा फुललेला.

"ऐकलंसा न्हवं?" तो म्हणाला. "माज्या सोड्याचा आवाज हाय त्यो!"