काठाला विचारा

वासुदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा काय म्हणाले, ते लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, "नक्की का?" पलीकडे त्यांची मुलगी मंदा होती, बापाच्या उशाशी बसलेली, आणि मी तिला पुरावा मागत होते! पण आमच्या जुन्या नोकरदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं याआधी दोन जिवंत माणसांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली आहे. त्यातल्या एकानं तर स्वतःच खाली हात जोडले होते. शिवाय संशय हा माझा स्वभाव. दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. मंदा म्हणाली, "हाव मावशी, नक्की. सकाळी चहा मांगतला, अन् गेले..."

बर्डीवरच्या कापडाच्या भांडारात साड्यांच्या काउंटरवर आम्ही दोघं सव्वीस वर्षं शेजारी उभे होतो. भांडाराचं नाव लिहीत नाही, जुन्या नागपूरकरांना ते कळेलच. शहरात तीन शाखा होत्या आणि घरात लग्न ठरलं की आधी भांडार, मग हॉल, असा क्रम असे. वासुदेवभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, उमरेडच्या विणकराच्या घरातले. घरचा माग मोडला तेव्हा ते दुसऱ्यांनी विणलेलं विकायला नागपुरात आले. गिऱ्हाइकानं साडी खरी हातमागाची का, असं विचारलं की ते तोंडानं उत्तर देत नसत. साडी घेऊन थेट दारात जात आणि काठ उजेडात धरत. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही काठांत टोकदार काडी अडकवतात, तिची सुईच्या टोकाएवढी भोकं काठाला ओळीनं राहतात. "माणसाले विचारू नोका बाई, काठाले विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोराडीच्या कॉलनीतून बसनं आलेल्या एका बाईंच्या हातातली साडी त्यांनी अशीच परत घडी करून ठेवली होती. "मशीनची हाये, हे नोका घेऊ." मी चिडले, म्हटलं, आलेलं गिऱ्हाईक घालवता काय! त्या बाई पुढे तिन्ही मुलींच्या लग्नाला आमच्याकडेच आल्या. तरी मला वाटायचं, या माणसाचा काहीतरी डाव आहे. इतकं सरळ कोण असतं?

मग दुकानं बंद व्हायला लागली. आधी महालच्या शाखेवर 'नूतनीकरणासाठी बंद' अशी पाटी लागली. ते नूतनीकरण अजून चालू आहे. नंतर नंदनवनची शाखा गेली, आणि आमच्यात कुजबुज सुरू झाली. मालकाला आतल्या बातम्या कोण पोचवतं, नव्या मॉलमध्ये कुणी आधीच जागा धरून ठेवली आहे, कोण कुणाशी जिन्याखाली बोलत होतं... वर्षानुवर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेली माणसं आम्ही, पण कुणी जवळ आलं की बोलणं बदलायचो. मी त्यात सगळ्यांच्या पुढे होते. बर्डीचंही दुकान बंद होणार हे ठरलं आणि शेवटच्या महिन्यात मोठा सेल लागला. तेव्हा मला दिसलं, की वासुदेवभाऊंची डब्याची पिशवी सकाळी डब्यापुरतीच भरलेली असते आणि संध्याकाळी जाताना फुगलेली. मी चार दिवस पाहिलं. त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्यांना काठाला विचारायला शिकवणारा माणूस, त्याला तोंडावर विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही. पाचव्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आले.

त्या संध्याकाळी साहेबांनी भाऊंना दारात अडवलं आणि त्यांची पिशवी सगळ्यांसमोर काउंटरवर उलटी केली. रिकामा डबा निघाला, आणि त्यामागून लेबलांचा ढीग. लहान लहान, कापडी, 'शुद्ध हातमाग' असं छापलेली शेकडो लेबलं. सेलसाठी आलेला नवा माल मशीनचा होता आणि त्याला ती लेबलं लावूनच आली होती. रोज दुपारी गर्दी ओसरली की भाऊ कात्रीनं ती काढत होते. साहेब म्हणाले, "हे काय आहे?" भाऊ म्हणाले, "खोटं हाये, साहेब. इथं टाकलं तर कोनी पुन्हा लावन, म्हणून घरी नेऊन राहिलो." साहेब रागावले असते तर लेबलं खोटी असल्याचं कबूल करावं लागलं असतं. ते फक्त म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

दुकान बंद व्हायला तेव्हा आठ दिवस उरले होते. भाऊंची एकच इच्छा होती, ती सगळ्यांना माहीत होती. शेवटच्या दिवशी शटर त्यांना ओढायचं होतं. ते शटर डाव्या अंगाला अडकायचं आणि भाऊंची एक लाथ बसल्याशिवाय खाली यायचं नाही. "उघडलं म्या, तर लावीनही मीच," असं ते म्हणायचे. ती संधी मी घालवली. शेवटच्या दिवशी शटर अर्ध्यात अडकलं, साहेब आणि चौकीदार दोघं लोंबकळले, आणि रस्त्याच्या पलीकडे फुटपाथवर भाऊ उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चौकीदारानं हात केला, "या ना गा भाऊ!" भाऊंनी मान हलवली. मला त्यांच्याकडे जाता आलं असतं. मी गेले नाही.

त्यानंतर दर दिवाळीला ते हुडकेश्वरला माझ्या घरी यायचे, चिवड्याचा डबा घेऊन. बसायचे, पाणी प्यायचे, गुडघ्यांची चौकशी करायचे. मी मात्र त्यांचा चेहरा वाचत बसायची. याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर येतो कशाला, माझं तोंड बघायला? ते गेल्यावर चिवडासुद्धा मी हुंगून पाहायची, इतकी मी हलकी. पाच दिवाळ्या गेल्या. 'भाऊ, ते सांगणारी मीच' हे एवढं वाक्य मला कधी बोलता आलं नाही.

तेरवी झाल्यावर मंदा आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक साडी तिनं माझ्या हातात ठेवली. जांभळी, बारीक लाल काठाची. भाऊंनी उमरेडला जाऊन, अजून चालू असलेला एक माग शोधून आणली होती, या दिवाळीला मला द्यायला. मी घडी उलगडली आणि बोलत बोलत दारापर्यंत कधी गेले, मला कळलं नाही. काठ उजेडात धरला होता तेवढ्यात मागून मंदाचं हसू ऐकू आलं, रडण्यातलं हसू.

"बाबा म्हणतच होते," ती म्हणाली. "म्हणे, शोभाबाई आधी उजेडात नेऊन पाह्यतीन. पाहू दे, रागावू नोको. माही पिशवीही त्यायनंच पाहाले लावली होती. बरंच झालं, म्हणे. नाही तर ते लेबल खोटे हायेत, हे कोनाले समजलं असतं?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पाचही दिवाळ्या, चिवड्याचा डबा हातात असताना, ठाऊक होतं.

मी उंबरठ्यावर तशीच उभी राहिले. डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसेना, म्हणून बोटानं चाचपलं. भोकं होती, ओळीनं, सुईच्या टोकाएवढी. मग मी साडी फिरवली आणि दुसरा काठही तपासला.