पीटरच्या स्वेटरचं भोक

पीटरच्या बाबतीत चूक माझीच होती, आणि ती मी हुशारीच्या तोऱ्यात केली. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मला वाटू लागलं होतं की इथल्या माणसाचा वर्ग मला कपड्यांवरून ओळखता येतो. चकचकीत बूट घालतो तो नवश्रीमंत. खरा खानदानी माणूस आजोबांचा स्वेटर विरेपर्यंत वापरतो. शेजारच्या पीटरच्या स्वेटरला कोपरावर भोक होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्याला जमीनदार करून टाकलं. तो थंडीबद्दल कुरकुरला, तेव्हा मला ते गरिबीचं नाटक वाटलं. "तुम्हा लोकांना श्रीमंती दाखवावी लागत नाही," असं मी चार शेजाऱ्यांसमोर हसत म्हणालो. त्याने कोपरावरचं भोक हाताने झाकलं.

"अहो, त्याला खरंच थंडी वाजत असेल," बायको म्हणाली. मी तिलाच भोळी ठरवलं. गावाकडे आडनाव विचारून माणूस जोखणाऱ्यांची मला चीड होती. इथे मी कोपर बघून तेच करत होतो.

परवा वाचनालयात पीटर हीटरला खेटून बसलेला दिसला. "घरचा हीटर परवडत नाही," तो म्हणाला, "इथे ऊब फुकट मिळते." मी माझा सगळा संशय त्याला सांगून टाकला.

तो हसला. "म्हणजे तुम्ही पुरते इंग्रज झालात."

इथे नुसता धक्का लागला तरी 'सॉरी' म्हणतात. मला तो शब्द पुरेना. मी मराठीतच म्हणालो, "माझं चुकलं." मग त्याचा अर्थ त्याला सावकाश समजावून सांगितला.