एडनाबाईंचा वाऱ्याशी दावा

इंग्लंडातल्या बोल्टनच्या एडना शॉक्रॉसबाईंना आयुष्यात एकच वैरी होता, फटीतून येणारा वारा. नवऱ्याशी त्यांचं चाळीस वर्षं बऱ्यापैकी जमलं. वाऱ्याशी एक दिवस नाही. दाराखाली कापडी लोड, खिडकीला दुहेरी पडदे, किल्लीच्या भोकात कापूस. राहता राहिली बैठकीच्या भिंतीतली जाळी, गॅसच्या शेगडीला हवा मिळावी म्हणून ठेवलेली. तिच्यात बाईंनी कैलासवासी अल्बर्टचे तीन लोकरी मोजे कोंबले होते आणि वर स्वतः विणलेला गुलाबी रुमाल टांगला होता.

पाहुणे शेगडीपाशी बसत आणि अर्ध्या तासात माना टाकत. एकदा पाद्रीबुवाच घोरले. आपल्या घरात माणसाला कसं निवांत वाटतं, हे बाई मग गल्लीभर सांगत. स्वतःचं डोकं दुखे, ते त्या चष्म्याच्या नंबरावर ढकलत.

घरमालक संस्थेचा गॅसवाला वर्षातून एकदा तपासणीला येई. त्या दिवशी बाई पायरी घासत, केस कुरळे करून घेत आणि मोजे काढून ठेवत. परक्या माणसाला मोजे दाखवणं शोभतं का? अशा रीतीने जाळी सात वर्षं कागदावर मोकळी होती, आणि वर्षातून तासभर खरोखरची.

यंदा ट्रेव्हर होलरॉइड आला. त्याने धुराची काडी पेटवून शेगडीपाशी धरली. धूर शहाण्यासारखा धुराड्यात गेला. चहा झाला, बिस्किटं झाली, सही झाली. तो निघाला आणि पंधरा मिनिटांत विसरलेली बॅटरी न्यायला परत आला. मोजे जागच्या जागी, शेगडी पेटलेली, बाई पाय शेकत बसलेल्या.

त्याने दुसरी काडी पेटवली. धूर धुराड्याच्या तोंडाशी घुटमळला आणि माघारी फिरून बाईंच्या चष्म्यावर आला. ट्रेव्हरने शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि समजावलं: खोलीत ताजी हवा नसली की धूर वर चढत नाही, आणि त्यातल्या विषारी वायूला ना वास, ना रंग. पाहुण्यांना निवांत वाटत नव्हतं, ते बेशुद्ध पडायच्या बेतात होते.

बाईंनी आधी यंदाच्या पावसाचा विषय काढून पाहिला. मग स्पष्टच सांगितलं की अल्बर्ट गेल्यापासून मरणाचं काही वाटत नाही, गारठ्याचं वाटतं. त्याची पाठ फिरली की मोजे परत आत जाणार, खोटं कशाला बोला.

ट्रेव्हरची आई याच गल्लीत वाढलेली. तो शांतपणे म्हणाला, "मग दोन दिवसांनी पोलीस दार फोडतील, बाई. त्यांच्या मागोमाग समोरच्या मिसेस बार्डस्ली शिरतील. तुम्ही खुर्चीत, अंगात घरातला झगा. सिंकमध्ये कपबशा तशाच."

बाईंचा चेहरा उतरला. "ती वरच्या मजल्यावरही जाईल?"

"कपाटंसुद्धा उघडेल."

एडनाबाई उठल्या. रुमाल काढला, एकेक मोजा ओढून काढला आणि तिन्ही त्याच्या हातात दिले. "घेऊन जा, बाळा. घरात राहिले तर माझा माझ्यावर भरवसा नाही."

त्याने शेगडी पेटवून पुन्हा तपासली आणि मोजे खिशात घालून गेला. बाई ओव्हरकोट आणि टोपी घालून शेगडीपुढे बसल्या. नडग्या भाजत होत्या, पाठ गोठत होती. पण समोरची बार्डस्ली आता आपल्या कपाटांपर्यंत पोचत नाही, या विचाराने त्यांना कितीतरी ऊब आली.