तिचं उत्तर कंपनीने पुसलं

मित्रांनो, आज सकाळी रोह्याच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणाला, "सगळं साफ करून दिलंय," आणि तिथेच माझं सगळं संपलं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. माझी प्रेयसी रोह्याजवळच्या वरसे गावातली. घरचे तिचा फोन तपासतात, म्हणून आम्ही माझ्या ई-बुक रीडरमध्ये पुस्तकाच्या पानांवर टिपा लिहून बोलायचो. स्वस्तातला मिळत होता, पण मोठं नाव बघून हाच घेतला. डब्यावर लिहिलं होतं, 'तुमच्या टिपा कायम सुरक्षित.'

रविवारी तिने रीडर परत दिला. मी लग्नाचं विचारलं होतं. म्हणाली, "उत्तर आत हाय. परत विचारायचं नाय."

घरी आलो तर तो चालूच होईना, म्हणून रोह्याच्या सेंटरला दुरुस्तीला दिला आणि आज घ्यायला गेलो.

"अहो, टिपा होत्या त्यात!"

"कंपनीचा नियम हाय भाऊ. नव्यासारखा झालाय, खूश व्हा की!"

"विचारायचं तरी!"

"फॉर्मवर सही केलीत ना?"

केली होती. एवढी मोठी कंपनी म्हणून न वाचताच. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या मूर्तीच्या डोळ्यांना हात लावण्याआधी मालक गिऱ्हाईकाला दहादा विचारतात.

तुम्ही अजून नाव बघूनच वस्तू घेता का?

रीडर काउंटरवरच सोडला, बाहेर पडलो आणि दार आपटून लावलं.